बंद पिशवीतलं बी

प्लॅस्टिकची पिशवी कशी होते हे मला आजही झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेन. कांद्याचं बी कसं जगवायचं ते मात्र विचारू नका. ते माझ्या आईला येत होतं, आणि तिच्या हातचं बी माझ्यामुळं संपलं. सांगायचंय ते एवढंच. पण एका वाक्यात उरकलं तर कुणी म्हणेल, हात्तिच्या, बीच ना, बाजारात मिळतं की! म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

बहात्तरचा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षी माझ्या नवऱ्यानं दुसरी केली आणि मी पत्र्याची पेटी उचलून माहेरी आले. माहेर श्रीरामपूरपासून एस.टी.नं पाऊण तासावर, कालव्याच्या पार शेवटाला. वरच्या गावांचा ऊस पिऊन उरलं तर पाणी आमच्याकडं यायचं, म्हणजे बहुतेक वेळा यायचंच नाही. वडील लवकर गेलेले. घर माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, आणि चूल वहिनीची. वहिनी काही वाईट नव्हती, उगाच कशाला खोटं बोलू? पण ताटात भाकरी वाढताना तिचा हात क्षणभर थांबायचा. तो क्षण मला दिसायचा, आईलाही दिसायचा, आणि आम्ही दोघी खाली मान घालून जेवायचो. विहिरीवरच्या बायका तर तोंडावरच बोलायच्या. नांदायला गेली ते घर मोडून आली, हिच्या हाताला यश नाही, ही कशाला हात लावील ते नासंल. मी फटकळ होते, उलटून बोलायचे, पण आत कुठंतरी मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

तेव्हा श्रीरामपूरला, स्टेशनच्या पाठीमागं, एका शेठनं प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, एक मशीन आणि आम्ही सहा बायका. गावातल्या एका ख्रिस्ती बाईनं मला तिथं नेलं. ती शहाणीसुरती, शांत बाई, माझ्या आधीपासून तिथं कामाला होती. म्हणाली, "चल, हात चालतात ना तुझे? मग झालं." सकाळच्या गाडीनं जायचं, दिवेलागणीला परत. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाची मुलगी, बायको, बहीण म्हणून नाही तर कामाची बाई म्हणून एका दारातून आत गेले. काय सांगू, पहिल्या दिवशी त्या मशीनपुढं मी नुसती तोंडात बोट घालून उभी होते.

मुंबईहून पोती यायची. त्यात पांढरे, दुधी काचेसारखे बारीक मणी. साबुदाण्याहून जरा मोठे. त्याला तिथं दाणाच म्हणायचे. हा दाणा मशीनच्या डोक्यावरच्या नरसाळ्यात ओतायचा. खाली एक जाड लोखंडी नळी, तिच्यात शेवयांच्या यंत्रात असतो तसा दांडगा स्क्रू फिरायचा, आणि नळीला बाहेरून विजेनं तापणारी कडी बसवलेली. स्क्रू दाण्याला पुढं ढकलायचा, आणि पुढं जाता जाता तो वितळून चिकट पाक व्हायचा. नळीच्या टोकाला साचा, त्याला गोल फट. त्या फटीतून पाक वर यायचा आणि आतून हवा सोडली की फुगायचा. माणसाच्या दुप्पट उंचीचा, आरपार दिसणारा फुगा! बाहेरून त्याच्यावर गार वारा सोडलेला असायचा, म्हणून तो वर जाईतो घट्ट व्हायचा. अगदी वर दोन रूळ, ते त्याला दाबून चपटा करायचे, आणि चपटी झालेली ती लांबलचक नळी पलीकडं गुंडाळली जायची. ती नळी हवी तेवढी कापली आणि एका तोंडाला गरम पट्टीनं डाग दिला की झाली पिशवी. शिवण नाही, गाठ नाही, खळ नाही.

मशीन चालवायचे ते मिस्त्री नगरचे होते, वयस्कर. त्यांना आम्ही सगळ्या चाचा म्हणायचो. पिशवीचा जाडेपणा ते नुसता दोन बोटांत चोळून सांगायचे. मध्येच वीज गेली की फुगा मान टाकायचा आणि नळीतला पाक थिजून बसायचा. मग चाचांचं तोंड सुटायचं ते वीज येईपर्यंत. आमचं काम कापायचं, डाग द्यायचा आणि गठ्ठे बांधायचे. शेडमध्ये जळक्या मेणासारखा वास असायचा. पहिल्या आठवड्यात माझं डोकं दुखलं, मग मला तो वास आवडायला लागला. माझ्या लुगड्याला तो वास यायचा आणि एस.टी.त बाई सरकून बसली की मला उलट ऐट वाटायची. आता हसू येतं, आणि हसूही नाही येत.

तिथं एक नियम होता आणि तो पहिल्याच दिवशी चाचांनी मला शिकवला. माल दोन जातींचा. ओला माल आणि कोरडा माल. मोसंबी, मिरची, भाजी हा ओला माल. त्याच्या पिशव्यांना आम्ही तापलेल्या सळईनं भोकं पाडायचो, कारण ओला माल श्वास टाकतो, बंद केला की त्याला घाम येतो आणि तो सडतो. साखर, चहा, मसाला, फरसाण हा कोरडा माल. त्याची पिशवी बिनभोकाची, भरायची आणि तोंडाला डाग देऊन टाकायची. ओला की कोरडा, एवढंच विचारायचं आणि कामाला लागायचं. हा नियम माझ्या इतका अंगात मुरला होता की मी जगातल्या सगळ्या वस्तू त्या दोन गठ्ठ्यांत टाकायला लागले होते.

नासका माल आम्हाला घरी न्यायला मिळायचा. वाकड्या कापलेल्या, डाग हुकलेल्या पिशव्या. मी त्या न्यायचे, आणि घरी दोन करवतीची पाती आणि मेणबत्ती घेऊन बसायचे. पिशवीचं तोंड दोन पात्यांच्या मध्ये धरायचं, कड जरा बाहेर ठेवायची आणि ज्योतीवरून सरसर फिरवायची. पातं गार झालं की सोडायचं. तोंड असं चिकटायचं की फाडल्याशिवाय उघडणार नाही. वहिनीचं मीठ पावसाळ्यात पाझरायचं, ते थांबलं. तिखटाला जाळी धरायची, ती थांबली. दादाचं रेशनकार्ड मी पिशवीत घालून दिलं, तर तो चावडीवर दाखवत फिरला. मुंगी शिरत नाही, पाणी शिरत नाही, वजन नाही, आतलं सगळं बाहेरून दिसतं. डब्याचं झाकण उघडून बघायला नको. वहिनी पहिल्यांदा मला म्हणाली, "वन्सं, मला मोठ्या पिशव्या आना की." त्या दिवशी भाकरी वाढताना तिचा हात थांबला नाही. एका नासक्या पिशवीनं मला त्या घरात जागा दिली, आणि मी ती जागा सोडायला तयार नव्हते. माझं पाप तिथून सुरू झालं.

आता आईचं सांगते.

आमच्या आईला जमीन नव्हती, दागिना नव्हता, अक्षर येत नव्हतं. तिच्याकडं कांद्याचं बी होतं. तिच्या आईनं लग्नात तिच्या ओटीत मूठभर घातलेलं, त्या आईला तिच्या आईनं. लाल, चपटा, बारीक मानेचा कांदा. तिखट असा की चिरताना शेजारीण रडायची, आणि टिकायचा इतका की चाळीत वर्षभर कोंब येत नसे. गावातल्या बायका भादव्यात आमच्या दारात यायच्या, पदर पुढं करायच्या आणि आई मूठ सोडायची. बी विकायचं नाही हा तिचा दंडक. फक्त काढणी झाली की जिनं बी नेलं तिनं आपल्या वावरातला एक कांदा आणून आईला दाखवायचा. आई तो हातात फिरवायची, मान बघायची, नखानं साल उचलायची, आणि म्हणायची, "बरा हाय." किंवा, "औंदा पानी लई दिलंस गं." बागायतदाराची बायको असली तरी तिथं मान खाली घालून ऐकायची. गावात माझ्या आईला कुणी विचारत असेल तर तेवढ्यापुरतं. पण तेवढं पुष्कळ होतं.

दुष्काळात लोकांनी बियाण्याचे कांदे खाल्ले. खाणारच, दुसरं काय करणार? आमच्या घरात आईनं बियाण्यासाठी निवडून ठेवलेले गोट कांदे पोत्याखाली दडवून ठेवले. वहिनीनं दोनदा शोधले. दिवाळीनंतर आईनं ते परसात दोन सऱ्यांत लावले. विहिरीला पाणी कुठलं? तळाला गढूळ घागरभर. आई अंघोळीचं पाणी खाली परात ठेवून धरायची, भांड्यांचं धरायची, तोंड धुतलेलं धरायची, आणि वाटीवाटीनं कांद्याच्या बुडाशी ओतायची. दिवसभर खडी फोडायला दुष्काळी कामावर जायची, हाताला फोड, आणि आल्यावर आधी परसात. "आई, माणसाला प्यायला न्हाई आन तू कांद्याला पाजतीस?" मी म्हणायचे. ती म्हणायची, "मानूस कुटंबी जाऊन पितंय. ह्याला पाय न्हाईत." दांडे वर आले, टोकाला पांढरे गोंडे फुलले. सगळं गाव करपलेलं आणि आमच्या परसात मधमाश्या. गावातल्या बाया बघून जायच्या. सगळ्यांना ठाऊक होतं की पुढच्या साली कांदा करायचा तर बी आता फक्त या बाईकडं.

वैशाखात गोंडे काळे पडले. आईनं ते खुडले, वाळवले, तळहातावर चोळले, पाखडले. काळंभोर बी, एका सुपात मावेल एवढं. मग तिनं ते तिच्या पद्धतीनं पाण्यात टाकलं. पोचट दाणे वर तरंगतात, भरलेले तळाला बसतात. तरंगलेले फेकायचे आणि तळाचे उपसून सावलीत जुन्या लुगड्यावर पसरायचे. पाच-सहा दिवस. उन्हात नाही, सावलीत. रोज दोनदा हातानं हलवायचं. आणि वाळलं की नाही हे डोळ्यांनी बघायचं नाही, दातानं बघायचं. मधला, कडेचा, खालचा, असे चार-सहा दाणे उचलून दाताखाली धरायचे. कट् करून फुटले तर वाळलं. चपटे झाले तर अजून ओल आहे. त्यानंतर चुलीची राख मिसळून कापडात सैल बांधायचं आणि चुलीच्या वर, धुराच्या वाटेवर टांगायचं. तिच्या आईनं तसंच केलं, तिनं तसंच केलं.

तिसऱ्या दिवशी मला कारखान्याला सुट्टी होती. आई खडीवर गेलेली. दुपारी एकाएकी आभाळ भरून आलं, वारा सुटला, वळवाची चिन्हं. आमचं घर धाब्याचं, मातीचं छत. दुष्काळात त्याला भेगा पडलेल्या आणि लिंपायला पाणी नव्हतं. एक सर आली असती तरी बी भिजलं असतं. मी धावत जाऊन बी गोळा केलं. टोपल्यात झाकून कोरड्या कोपऱ्यात ठेवलं असतं तरी भागलं असतं. पण नाही. मला माझी अक्कल पाजळायची होती. बी म्हणजे दाणा, दाणा म्हणजे कोरडा माल. खात्री करावी म्हणून एक दाणा दाताखाली धरला. एकच, तोही कडेचा. कट् झाला. झालं! सगळ्यांत जाड पिशवी काढली, बी ओतलं, पाती धरली, मेणबत्ती लावली आणि तोंडाला डाग दिला. एकदा नव्हे, दोनदा दिला, पक्का असावा म्हणून.

पाऊस आलाच नाही. चार थेंब पडले आणि आभाळ निघून गेलं.

संध्याकाळी आई आली, पाय धुवायच्या आधी लुगड्याकडं गेली, आणि ते मोकळं बघून तिचा चेहराच उतरला. मी ऐटीत पिशवी पुढं केली. "ही बघ. आता उंदीर न्हाई, किडा न्हाई, पानी न्हाई. पुरात टाकली तरी तुझं बी कोरडं."

तिनं पिशवी हातात घेतली. उलटीपालटी केली. दाबून बघितली. "आगं, पन आजून दोन-तीन दिस लागत व्हते. ह्याला वारा कुठनं लागायचा?"

"वाऱ्याचीच तर गरज न्हाई. हवा न्हाई म्हंजे किडा न्हाई."

"बी जित्तं असतं, बाय. फोड ती. पुन्हा पसरते."

तिनं खरंच विळी ओढली. वहिनी चुलीपाशी बसून बघत होती. तिच्या नजरेत मला हसू दिसलं, की मला उगाच वाटलं, देव जाणे. मी भडकले. "तुला माझं कायबी पटत न्हाई! सगळं गाव माझ्याकडं पिशव्या मागतंय आन तुला इश्वास न्हाई. मी काय नुसतं नासवायचंच काम करते व्हय? फोड, फोड. पन मंग उद्यापासनं मला कामाचं सांगू नको." आणि काय काय बोलले. माहेरी आल्यापासूनचं सगळं तोंडातून बाहेर पडलं.

आईनं विळी परत ठेवली. मग म्हणाली, "बरं, बाई. तू म्हनतीस तसं." आणि पिशवी नेऊन देवळीत ठेवली.

जिला सगळं गाव विचारायचं तिनं माझ्यापुढं हात टेकले, आणि मला काय वाटलं सांगू? मी जिंकले असं वाटलं.

पिशवी देवळीत सगळ्यांना दिसायची. आलेगेलेले बघायचे. काळं बी, वर चकचकीत प्लॅस्टिक. मी लोकांना सांगायचे की आता मडकी, कापडं, राख सगळं मागं पडलं. मृगात पाऊस लागला तेव्हा एका सकाळी मला पिशवीवर धुकं दिसलं. आरशावर फुंकर मारावी तसं. मी पदरानं पुसलं. ते गेलं नाही. पुन्हा पुसलं. ते आतून होतं.

आता मला खोटं बोलायचं नाही. मला त्याच क्षणी कळलं. मोसंबीच्या पिशव्यांना मी स्वतः हजारो भोकं पाडलेली होती. आत घाम आला की काय होतं हे माझ्याइतकं त्या गावात कुणाला ठाऊक होतं? पिशवी फोडून बी पसरलं असतं तर कदाचित अर्धं वाचलं असतं. पण फोडायची म्हणजे आईला हाक मारायची, वहिनीसमोर सांगायचं की चुकलं माझं. मी पिशवी उचलली आणि उलटी करून ठेवली, धुकं भिंतीच्या बाजूला जाईल अशी. तीन महिने मी ती तशीच फिरवत राहिले. कधी आपोआप ते धुकं जायचं, मला वाटायचं, सुटले. पुन्हा यायचं. मी सकाळची गाडी पकडायला धावायचे. एकदा चाचांना विचारायचं ठरवलं. त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "क्या है बेटी?" मी म्हणाले, काही नाही, आणि माघारी फिरले. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि मग मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय राहिली नसती.

त्या साली पाऊस भरपूर झाला. विहिरीला पाणी आलं, कालवासुद्धा आमच्यापर्यंत आला. भादव्यात बायका दारात आल्या, पाच-सहा जणी, पदर सावरत. आईनं देवळीतून पिशवी काढली आणि विळीवर तोंड कापलं.

वास आला. आंबूस, ओल्या पोत्यासारखा. बी एकमेकांना चिकटून त्याचा खडा झाला होता, आणि मधल्या भागात पांढरी बुरशी. आईनं पिशवी चटकन पोटाशी धरली, कुणाला आत दिसणार नाही अशी. तिनं चिमूटभर काढून दाताखाली धरलं. आवाज झाला नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. बायकांना म्हणाली, "आज वार बरा न्हाई. आदी माज्या वाफ्यात टाकते, हिरवं दिसलं की मंग न्या." आणि त्या गेल्या.

तिनं ते बी सोडवलं, चोळलं, राखेत घोळलं आणि परसात वाफा करून टाकलं. त्या दिवशी मी कामावर गेले नाही. दोघी वाफ्यापाशी उकिडव्या बसलो होतो. मी म्हणाले, "आई, येईल ना गं?" ती म्हणाली, "बगू."

कांद्याचं रोप आठव्या-नवव्या दिवशी वर येतं. हिरवी सुई, मान मोडून बाहेर पडते. आठ दिवस गेले, दहा गेले. गावातल्या बायका येता-जाता कुंपणावरून डोकावायच्या. बारा गेले. वाफा काळा तो काळाच.

आणि मग आई वेड्यासारखं पाणी घालायला लागली. आधी झारीनं, मग घागरीनं. भर सकाळी, बायका पाण्याला निघायच्या नेमक्या त्या वेळेला. वाफ्यात चिखल झाला, पाणी साचून राहिलं, कडेनं वाहून वाटेवर आलं. जिनं वाटीवाटीनं दोन सऱ्या जगवल्या तिनं असं पाणी ओतावं? मला सहन होईना. मी तिच्या हातातली घागर धरली. "पुरे कर. ते मेलंय. मी मारलंय ते. मला ठाऊक व्हतं, आई. मृगापासनं ठाऊक व्हतं."

तिनं घागर सोडवून घेतली. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "हळू बोल. तुजी वहिनी आत हाय." मग पुन्हा पाणी ओतलं आणि म्हणाली, "लोकांनी बगू दे मी पानी घालताना. बी कुजलं तर पान्यानं कुजलं. तुज्या हाताचं नाव निगायला नगं. तुला हितंच ऱ्हायचंय, पोरी."

मी तिथंच चिखलात बसले. ती मात्र घागर रिकामी करून दुसरी भरायला गेली.

दोन दिवसांत गावभर झालं. म्हातारीला दुष्काळानंतर पाणी बघून भान राहिलं नाही, सोन्यासारखं बी बुडवलं. कुणी हळहळलं, कुणी हसलं. कुणाला राग आला, आणि तो यायलाच हवा होता. त्यांच्या वावराचं बी गेलं होतं. आसपासच्या गावांत आईनं ज्यांना पूर्वी बी दिलं होतं त्यांच्याकडं मी विचारून आले. सगळ्यांनी दुष्काळात कांदा खाऊन टाकला होता. कुठंच उरलं नव्हतं. त्या साली लोकांनी श्रीरामपूरच्या दुकानातून बी आणलं, आणि त्यानंतर कुणी आमच्या दारात पदर घेऊन आलं नाही.

मला वाटत होतं, मी सांगेन. आज नाही तर उद्या, विहिरीवर चार बायका असताना, मोठ्यानं सांगेन की आईनं नाही, मी. मनात शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. तशी संधी आठवड्यातच आली. मी विहिरीवर हंडा भरत होते. आईकडून दर साली बी नेणारी एक बाई होती, तिनं मला सगळ्यांसमोर विचारलं, "का गं, तुज्या आईनं पार बुडवलं की बी. येवढी शानी बाई, झालं काय तिला?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. वहिनीपण होती. जुळवलेले शब्द घशापर्यंत आले. आणि मी म्हणाले, "काय सांगू बाई. म्हातारीला आता काय बी कळत न्हाई."

मागं पावलांचा आवाज झाला म्हणून वळले. आई रिकामा हंडा घेऊन माझ्या पाठीशीच उभी होती. तिनं हंडा खाली ठेवला, दोराला हात घातला आणि त्या बाईकडं बघून म्हणाली, "व्हय गं बाय. खरं हाय ती म्हनती ते. न्हाई कळत मला आता."